तिसऱ्या रात्रीचा रुग्ण

ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिकांना हा रुग्ण चांगला ओळखीचा असतो. दुचाकीवरून पडून पाय मोडला, साप चावला, ताप उतरत नाही, अशा कुठल्या तरी कारणाने तो दाखल होतो. पहिला दिवस बरा जातो. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. तिसऱ्या रात्री तो सलाईनची सुई उपसून काढतो, भिंतीवर किडे चालताहेत म्हणून ओरडतो, बायकोलाही ओळखत नाही. नातेवाईक म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला. कुणी बाहेरची बाधाही सुचवतो. रात्रपाळीचा वैद्यकीय अधिकारी हातपाय बांधायला सांगतो, शांत करणारे एखादे इंजेक्शन देतो आणि सकाळी जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी लिहून मोकळा होतो.

या माणसाला नवा आजार झालेला नसतो. त्याची दारू बंद झालेली असते, एवढेच. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याच्या मेंदूने दारूच्या गुंगीविरुद्ध सतत जोर लावून जागे राहण्याची सवय करून घेतलेली असते. गुंगी अचानक निघून जाते, जोर मात्र तसाच राहतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम, भास आणि वेळ-काळाचे भान हरपणे, अशी जीवघेणी अवस्था उद्भवू शकते. वैद्यकात तिला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावू शकतो. मिळाल्यास बहुतेक जण वाचतात.

आणि हे उपचार महाग नाहीत, नवेही नाहीत. डायझेपाम, लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड यांपैकी एक औषध योग्य मात्रेत सुरू करून काही दिवसांत हळूहळू कमी करत न्यायचे. यकृत खराब असेल तर लोराझेपाम अधिक सुरक्षित. जोडीला ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायामिन. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. रोज पिणाऱ्याच्या शरीरात थायामिनची आधीच टंचाई असते. ते न देता केवळ ग्लुकोजची बाटली लावली तर उरलेसुरले थायामिनही खर्ची पडते आणि मेंदूला वर्निके एन्सेफॅलोपॅथी नावाची इजा होऊ शकते. कधी कधी स्मृती कायमची जाते. 'अशक्तपणा आहे, एक बाटली लावा' ही आपल्याकडची सर्वांत लोकप्रिय वैद्यकीय सूचना. या रुग्णाच्या बाबतीत तीच घातक ठरू शकते. आधी थायामिन, मग ग्लुकोज, हा क्रम एमबीबीएसच्या पुस्तकात असतो. प्रश्न तो रात्री दोन वाजता आठवण्याचा आहे.

असे रुग्ण किती, याचा अंदाज केंद्र सरकारने एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राकडून करवून घेतलेल्या पाहणीवरून येतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीसाठी देशभरातील दोन लाख घरांना भेटी दिल्या गेल्या. १० ते ७५ या वयोगटातील १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी, दारू पितात असे तिच्यात आढळले. त्यांपैकी पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणत्या ना कोणत्या प्रकारचा उपचार मिळाला होता. दाखल होऊन उपचार घेतलेला १८० जणांत एक. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानेही दारूच्या विकारांतील उपचारांची तूट ८६ टक्के दाखवली होती. देशात लाख लोकसंख्येमागे एकही पूर्ण मनोविकारतज्ज्ञ येत नाही, पाऊणच येतो. तोही बहुधा शहरात.

यावर आपले सरकारी उत्तर दोन खात्यांत विभागलेले आहे. सामाजिक न्याय खाते स्वयंसेवी संस्थांच्या व्यसनमुक्ती केंद्रांना अनुदान देते, आरोग्य खाते रुग्णालयांतील उपचार पाहते. ऑगस्ट २०२० मध्ये २७२ जिल्ह्यांत सुरू झालेले नशामुक्त भारत अभियान पहिल्या खात्याचे. फेऱ्या, शपथा, पथनाट्ये यांना त्यात बराच वाव आहे. तिसऱ्या रात्रीचा रुग्ण मात्र केंद्रात किंवा फेरीत सापडत नाही. तो आधीच सरकारी खाटेवर झोपलेला असतो. पाय बरा झाला की तो घरी जातो, आणि वाटेत पुन्हा पितो.

मग त्याच खाटेपाशी असलेल्या डॉक्टर आणि परिचारिकेला हे काम शिकवता येईल का? तज्ज्ञाला गावात नेता येत नसेल तर तज्ज्ञाचे ज्ञान तरी नेता येईल का? या प्रश्नाचे आज जगभर वापरले जाणारे एक उत्तर अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात तयार झाले. ते तयार करणारे डॉ. संजीव अरोरा हे पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी. ते यकृताच्या आजारांचे तज्ज्ञ. अल्बुकर्कीतील त्यांच्या दवाखान्यात हिपॅटायटिस-सीच्या रुग्णांना महिनोन्‌महिने थांबावे लागे आणि कित्येकांना शेकडो मैल प्रवास करावा लागे. २००३ मध्ये त्यांनी 'एको' प्रकल्प सुरू केला. आठवड्यातून एकदा खेड्यापाड्यांतले डॉक्टर व्हिडिओवर एकत्र येत, आपापले रुग्ण मांडत आणि विद्यापीठातले तज्ज्ञ त्यावर बोलत. रुग्ण गावच्या डॉक्टरचाच राही. २०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ४०७ रुग्णांपैकी विद्यापीठात उपचार घेतलेले ५७.५ टक्के बरे झाले होते, गावोगावच्या दवाखान्यांत आणि तुरुंगांत उपचार घेतलेले ५८.२ टक्के. तज्ज्ञाच्या हाताखाली आणि तज्ज्ञाच्या सल्ल्याने, यांत फरक उरला नव्हता. व्यसनांसाठीची सत्रे न्यू मेक्सिकोत याच धर्तीवर २००५ मध्ये सुरू झाली.

भारतात ही पद्धत व्यसनोपचारासाठी पहिल्यांदा रुजवली ती बेंगळुरूच्या 'निम्हान्स'ने. २०१४ च्या सुमारास तिथल्या व्यसनोपचार विभागाने जिल्ह्याजिल्ह्यांतील डॉक्टर आणि समुपदेशकांना व्हिडिओवरून जोडायला सुरुवात केली. बिहारमध्ये एप्रिल २०१६ मध्ये दारूबंदी लागू झाली. रोज पिणाऱ्यांची दारू एकाच वेळी तुटली तर काय होईल, या चिंतेने राज्याने जिल्हा रुग्णालयांत व्यसनमुक्ती कक्ष उघडले आणि आपल्या डॉक्टरांना प्रशिक्षणासाठी निम्हान्सकडे धाडले. छत्तीसगडच्या दुर्गम जिल्ह्यांतील समुपदेशकांना आधी प्रत्यक्ष आणि मग व्हिडिओवरून शिकवण्याच्या प्रयोगावरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात समुपदेशकांचे ज्ञान आणि आत्मविश्वास दोन्ही वाढलेले दिसले. त्याच वर्षी निम्हान्सची डिजिटल अकादमीही सुरू झाली.

सत्राची रीत साधी आहे. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटांचे व्याख्यान. त्यानंतरचा सगळा वेळ रुग्णांचा. एखादा वैद्यकीय अधिकारी नाव-गाव न सांगता आपला रुग्ण मांडतो. मग प्रश्न सुरू होतात. शेवटची दारू किती वाजता घेतली? याआधी कधी सोडताना फिट आली होती का? झोपेच्या गोळ्याही घेतो का? कावीळ झाली होती का? आधी इतर सहभागी बोलतात, शेवटी तज्ज्ञ. 'शेवटची कधी घेतली' हा प्रश्न केसपेपरवर सहसा नसतोच. 'दारू पितो का' असे विचारले जाते आणि उत्तर येते, 'कधीमधी'. 'रोज क्वार्टर लागते की जास्त?' असे सरळ विचारले तर खरा आकडा येतो, हे शिकायला तास लागत नाही, पण कुणीतरी शिकवावे लागते.

या रीतीत तज्ज्ञही शिकतात, आणि ते केवळ सौजन्याचे वाक्य नाही. बेंगळुरूच्या प्राध्यापकाला मोहाची दारू किती कडक असते किंवा खर्ऱ्याची पुडी दिवसाला किती लागते याचा अंदाज नसतो. गडचिरोलीच्या परिचारिकेला असतो. घरच्यांनी रुग्णाला न सांगता चहात कालवलेले औषध हा आणखी एक विषय. 'न कळत दारू सोडवा' अशा जाहिराती गावोगावच्या भिंतींवर दिसतात. डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छातीत धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. रुग्णाला माहिती आणि संमती देऊन, तपासण्या करून दिले तर त्याचा उपयोग आहे. चोरून दिले तर तो विषप्रयोगच. अशी शंका येण्याजोगा रुग्ण समोर आला तर ओळखायचा कसा, हे एखाद्या डॉक्टरने सत्रात मांडले की बाकीच्यांच्या तो कायम लक्षात राहतो. व्याख्यानातले तेच वाक्य विसरले जाते.

निम्हान्सने याच्याही पुढे जाऊन पाहिले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरच्या ओपीडीतच व्हिडिओवरून मनोविकारतज्ज्ञ हजर राहतो आणि डॉक्टर आपल्या नेहमीच्या रुग्णांना तपासत असताना शेजारी बसल्यासारखे शिकवतो. वर्ग भरवून शिकवण्यापेक्षा हे खर्चिक आणि संथ. पण डॉक्टर स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या औषधांच्या यादीनिशी शिकतो. सरकारी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा नेहमीचा आजार म्हणजे दोन दिवसांचे निवासी शिबिर, हातात एक पिशवी, एक फाइल आणि प्रमाणपत्र. त्यापेक्षा हे फार वेगळे आहे.

दूरस्थ प्रशिक्षण आणि दूरस्थ उपचार यांची गल्लत मात्र वारंवार होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर कुणालाही फोन करता येतो, समुपदेशन मिळते, आणि ती चांगली सोय आहे. पण भ्रमिष्ट झालेल्या माणसाच्या शिरेत सुई घालायला फोनवरचा माणूस येऊ शकत नाही. कायदाही इथे आडवा येतो. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतील औषधे दुरून लिहून देण्यास मनाई केली. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावरचे ब्युप्रेनॉर्फिन हे त्यांपैकीच एक. ते मान्यताप्राप्त केंद्रातच मिळते. पंजाबने ऑक्टोबर २०१७ पासून त्यासाठी बाह्यरुग्ण केंद्रांचे जाळे उभारले, कारण रुग्णापर्यंत ते औषध पोचवण्याचा दुसरा मार्ग नव्हता. म्हणजे जवळच्या डॉक्टरला पर्याय नाही. तंत्रज्ञान त्याला बाजूला सारू शकत नाही, शहाणे करू शकते.

आता अडचणीचा भाग. शहाणे केल्याने रुग्णाला किती फरक पडतो? हिपॅटायटिस-सीच्या बाबतीत हे उत्तर मोजता आले, कारण विषाणू रक्तात आहे की नाही हे तपासणी सांगते. व्यसनाच्या बाबतीत बहुतेक अभ्यास प्रशिक्षणार्थ्यांनाच प्रश्न विचारून थांबतात. ज्ञान वाढले का, आत्मविश्वास वाढला का, सत्र आवडले का? उत्तरे जवळजवळ नेहमीच होकारार्थी येतात. प्रशिक्षणानंतर किती रुग्णांना फिट आली नाही, किती जण सहा महिन्यांनी कमी पीत होते, हे फार थोड्यांनी मोजले आहे. प्रशिक्षणाला स्वेच्छेने येणारे डॉक्टर मुळातच उत्साही असतात, हीही एक गोम आहे. या पद्धतीच्या समर्थकांनी ती नाकारू नये.

प्रशिक्षणाने सारे सुटत नाही याचा मोठा दाखला अमेरिकेतूनच मिळतो. तिथे ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्यासाठी डॉक्टरला आठ तासांचे प्रशिक्षण आणि वेगळा परवाना घ्यावा लागे. २०१७ च्या अखेरीस निम्म्याहून अधिक ग्रामीण काउंटींमध्ये असा एकही परवानाधारक नव्हता. अमली पदार्थांच्या अतिसेवनाने वर्षाला लाखाहून अधिक मृत्यू होऊ लागले, तेव्हा डिसेंबर २०२२ मध्ये परवान्याची अट काढून टाकली गेली. औषध लिहिणाऱ्यांची संख्या त्यानंतर वाढली; औषध मिळणाऱ्या रुग्णांची फारशी वाढली नाही. परवाना असतानाही अनेकांनी तो घेऊन कपाटात ठेवला होता. ओपीडीत वेळ नाही, मदतीला समुपदेशक नाही, आणि 'असले' रुग्ण दारात नकोत, ही कारणे प्रशिक्षणाच्या तासांनी जात नाहीत. याउलट फ्रान्सने १९९० च्या दशकाच्या मध्यावर कुठल्याही सामान्य डॉक्टरला ते औषध लिहून देण्याची मुभा दिली. ते डॉक्टर खरोखर लिहू लागले आणि हेरॉइनच्या अतिसेवनाचे मृत्यू काही वर्षांत झपाट्याने घटले. फरक केवळ ज्ञानाचा नव्हता. हा आपल्याच रुग्णांपैकी एक, असे फ्रेंच डॉक्टरने मानले.

आपल्याकडे हा तुच्छतेचा प्रश्न अधिक टोकदार आहे. मधुमेही माणसाने गोड खाऊन साखर वाढवून घेतली तर त्याला रागावले जाते, पण दाखल करून घेतले जाते. 'बेवड्या'ला तीच वागणूक मिळत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांचा मनोविकाराच्या व्याख्येत समावेश केला. उपचार मिळणे हा त्यामुळे या रुग्णाचा हक्क आहे. वॉर्डात त्याचा हक्क अजून कुणाला फारसा माहीत नाही.

डॉक्टरवाचूनही बरेच काही होऊ शकते, हे गोव्यात दिसले आहे. 'संगथ' या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक चाचणी केली. वैद्यकीय पदवी नसलेल्या, प्रशिक्षित समुपदेशकांनी निम्म्यांशी जास्तीत जास्त चार वेळा बोलायचे. बाकीच्यांना नेहमीची सेवा. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्क्यांचे पिणे आटोक्यात आले होते, इतरांपैकी २६ टक्क्यांचे. 'लॅन्सेट'मध्ये हे निष्कर्ष २०१७ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाले. पूर्णपणे आहारी गेलेल्यांना या चाचणीत घेतले नव्हते, हे ध्यानात ठेवायला हवे. तिसऱ्या रात्रीच्या रुग्णाला गप्पा पुरत नाहीत. पण त्या अवस्थेला पोचण्याआधीची दहा वर्षे तो कुठल्या ना कुठल्या आरोग्य केंद्रात पित्तासाठी, झोपेसाठी, अंगदुखीसाठी येतच असतो. या समुपदेशकांचा दर्जा टिकला तो एकदाच्या प्रशिक्षणामुळे नव्हे. ते आपल्या संवादांची ध्वनिमुद्रणे गटात ऐकत आणि एकमेकांना गुण देत. नियमित उजळणीचा तोच धागा एको पद्धतीतही आहे, आणि बहुधा या दोन्हींचे मर्म व्हिडिओपेक्षा त्यातच असावे.

महाराष्ट्राचा विचार करता इथे अनुभवाची वानवा नाही. पुण्याचे 'मुक्तांगण' १९८६ पासून काम करते आहे. गडचिरोलीत दारूबंदी १९९३ पासून आहे, आणि केवळ बंदी पुरत नाही हे ओळखून डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'ने शासन आणि टाटा ट्रस्टच्या साथीने २०१६ मध्ये 'मुक्तिपथ' सुरू केले. त्यात गावांच्या संघटनेबरोबरच तालुक्याच्या ठिकाणी व्यसनोपचाराचे दवाखाने आणि गावांत शिबिरे आहेत. हे अनुभव असलेली माणसे राज्यातच असताना ग्रामीण रुग्णालयांच्या साप्ताहिक सत्राला तज्ज्ञ सापडत नाहीत, अशी सबब चालणार नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक असतेच. त्याने महिन्यातून एकदा फेरी मारण्याबरोबर आठवड्यातून एकदा पडद्यावर बसावे, एवढाच बदल.

खरी अडचण बदल्यांची आहे. ग्रामीण रुग्णालयातले अनेक वैद्यकीय अधिकारी वर्षभराच्या बंधपत्रित सेवेवर येतात. सहा महिने शिकवलेला डॉक्टर सातव्या महिन्यात पदव्युत्तर प्रवेशाच्या अभ्यासाला लागतो आणि बाराव्यात निघून जातो. परिचारिकाही बदलतात, पण इतक्या वेगाने नाही. दारू तुटल्याची तीव्रता मोजणारी 'सीवा' ही मोजपट्टी दहा निरीक्षणांची आहे: थरथर, घाम, मळमळ, अस्वस्थता, भास, भान वगैरे. पाच मिनिटांत भरता येते आणि परिचारिकेला ती डॉक्टरइतकीच, किंबहुना अधिक चांगली जमते, कारण रुग्णाच्या उशाशी तीच असते. गुण वाढले की औषधाची मात्रा द्यायची, असा लेखी आदेश दाखल करतानाच केसपेपरवर असेल तर रात्री दोनला कुणाला काही आठवावे लागत नाही. तरीही अशा प्रशिक्षणांची निमंत्रणे डॉक्टरांच्या नावाने निघतात आणि सत्रे ओपीडीनंतरच्या दुपारी ठेवली जातात, म्हणजे नेमकी परिचारिकांच्या पाळ्या बदलतात तेव्हा.

औषधांचेही तसेच. थायामिनचे इंजेक्शन साठ्यात नसेल तर त्याविषयीचे सत्र वाया जाते. डायझेपाम कुलपात असते आणि किल्ली ज्याच्याकडे तो रात्री घरी असतो, असेही घडू शकते. शिकवणाऱ्या तज्ज्ञाने पहिल्याच सत्रात प्रत्येक रुग्णालयाला साठ्याची यादी मागावी आणि किल्ली कुणाकडे आहे तेही विचारावे.

उपयोग झाला की नाही, हे पाहण्यासाठी नवी पाहणीही लागणार नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात पुढे पाठवलेल्या रुग्णांची नोंदवही असते. दाखल झाल्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी 'अस्वस्थ', 'बडबड करतो', 'फिट' किंवा 'वेडसर वागणूक' अशा शेऱ्यानिशी जिल्ह्याला पाठवलेले रुग्ण त्या वहीत मोजता येतात. प्रशिक्षण सुरू होण्याआधीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने, असे दोन आकडे जिल्हा शल्यचिकित्सकाच्या कार्यालयातला लिपिक दोन दिवसांत काढून देऊ शकेल.